‘मुरलेली वाईन’
परदेशातल्या मित्रांच्या पंगतीत चाखलेल्या जुन्या वाईनला एका लेखकाने ‘मुरलेली’ म्हटले आहे. शब्द लोणच्याचा आणि जवळपास चपखल. पण लोणचे मीठ-तेलावर टिकते, वाईन आम्लता आणि टॅनिनवर. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी, सुमारे १२-१३ अंशांत ठेवतात; टॅनिन हळूहळू गाळ होऊन बुडाशी बसते, म्हणून ओतताना शेवटचा गढूळ घोट मागे सोडतात. जुनी तितकी चांगली, हा मात्र भाबडेपणा; बहुतेक वाईन थोड्या वर्षांतच संपवण्याजोग्या. चाळिशी गाठणाऱ्या नगरच्या उन्हाळ्यात माळ्यावरची बाटली मुरत नाही, शिजते. यावर कोणी मदेरा बेटावरच्या ‘मदेरा’ वाईनचे उदाहरण देईल: ती जहाजांच्या उष्ण तळातून हिंदुस्थानात येई, ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी ती आवडीने पीत. खरे, पण मदेरात मद्यार्क वरून घातलेला असतो. तिचा न्याय साध्या वाईनला लागू नाही.