गोदातीरावरील धर्मविद्येचा अधिकार

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गोदावरीच्या खोऱ्यातील गाव, २९ ऑगस्ट २०२३ रोजी तेथे सुरू झालेल्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे आणि १ सप्टेंबरच्या लाठीमारामुळे, महाराष्ट्रभर सर्वतोमुखी झाले. आणि पुढे शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून मराठवाड्यातील निजामकालीन अभिलेखांत कुणबी नोंदींचा शोध आरंभिला. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूचा विचार येथे करावयाचा नाही. त्यातील एक आनुषंगिक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. वर्षानुवर्षे बांधून ठेवलेले दप्तरखान्यांतील रुमाल सुटले, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची विचारपूस होऊ लागली. आणि या प्रदेशाच्या धर्मजीवनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने ज्या दप्तरांना केव्हाच हात घालावयास हवा होता, तीच ही दप्तरे होत. धर्माविषयी अधिकाराने बोलण्याची मान्यता या खोऱ्यात कोणी, कोणास आणि कशी दिली याचा मागोवा घेतला, म्हणजे आज एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी संतसाहित्यावर किंवा बौद्ध धर्मावर पीएच.डी. करण्यासाठी जो अर्ज भरते, त्याचे खरे मोल ध्यानात येते.

अंतरवालीच्या पश्चिमेस, त्याच नदीच्या वरच्या अंगास, पैठण आहे. दक्षिणेची काशी म्हणून ज्याची ख्याती, त्या नगरीतील ब्रह्मवृंदाने ज्ञानेश्वरादी भावंडांना शके १२०९ मध्ये शुद्धिपत्र दिले, असे परंपरा मानते. त्या पत्राच्या संहितेविषयी विद्वानांत वाद आहेत. तथापि समाजाने ती कथा शतकानुशतके जपली याचा अर्थ स्पष्ट आहे: धर्मात बोलण्याचा अधिकार जन्माने यावा आणि त्यात व्यंग निघाले तर तो सभेने लेखी द्यावा, ही व्यवस्था सर्वांस परिचित होती. तिला पहिला धक्का त्याच तेराव्या शतकात महानुभावांनी दिला. चक्रधरांनी स्त्रियांना आणि सर्व वर्णांना मराठीतून उपदेश केला आणि म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा मराठी गद्यात नोंदविल्या. परंतु पुढे हे ग्रंथ सांकेतिक लिप्यांच्या आड गेले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक राजवाड्यांनी त्यांतील सकळ लिपी उलगडेपर्यंत पंथाबाहेरील अभ्यासकाला ते जवळजवळ अप्राप्यच राहिले.

संशोधकाच्या दृष्टीने या परंपरेतील सर्वांत निकटचा पूर्वज मी एकनाथांना मानतो. शके १४९५ मध्ये त्यांचे भागवत काशीत पूर्ण झाले; आरंभीचे अध्याय पैठणास लिहून झाल्यावर, प्राकृतात भागवत लिहिण्याचे धार्ष्ट्य कोणी केले याची झडती घेण्यासाठी काशीच्या पंडितांनी त्यांना पाचारण केले आणि ग्रंथ ऐकल्यावर त्याचा गौरव केला, असे चरित्रपरंपरा सांगते. आजच्या मौखिक परीक्षेचे सारे घटक त्या आख्यायिकेत आहेत. परंतु त्याहून मोठे कार्य अकरा वर्षांनी, शके १५०६ मध्ये झाले. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता ओव्यांत भर पडली होती, शब्द पालटले होते, अर्थ अडखळत होता. नाथांनी प्रती मिळवून, पाठ ताडून, ग्राह्य पाठ निश्चित केला आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये अशी ताकीद ग्रंथान्तीच देऊन ठेवली. श्रद्धेचा ग्रंथ चिकित्सेने शुद्ध करावा आणि त्यामुळे श्रद्धेस उणेपणा येत नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले. धर्माचा अभ्यास करू नये, केवळ आचरण करावे, असे आजही म्हणणाऱ्यांस मी पैठणच्या या कार्याची आठवण करून देतो.

पूर्वेकडे घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम. तेथील परंपरेवर विपुल लेखन झालेले असल्याने त्याचा येथे विस्तार करीत नाही. आसफजाही अमदानीतील धर्मव्यवस्थेवर मात्र तितकेसे लिहिले गेलेले नाही, आणि साधने तर तिचीच विपुल आहेत. मुंतखब हा इनामाचा सरकारी कागद घ्या. इनामदाराचे नाव, गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, इनाम कोणत्या प्रयोजनासाठी, सेवेच्या अटीवर की बिनशर्त, आणि विरासत कोणाकडे, इतका तपशील त्यात मिळतो. आणि एकाच दप्तरात, एकाच कारकुनी उर्दूत, मंदिराच्या दिवाबत्तीची खिदमतमाश जमीन आणि दर्ग्याच्या उरुसाची जमीन शेजारी शेजारी नोंदलेली आढळते. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने या व्यवस्थेचा पाया बदलला, परंतु इनामांचे काम पाहणाऱ्या अतियात खात्याचे दप्तर राहिले. कोणत्या गावात गुरव कोण होता, मुजावर कोण होता, पूजेचा खर्च कोणत्या शेतातून निघे, हे ज्या नोंदींवरून कळते त्या नोंदी न पाहता लिहिलेला ग्रामदैवतांचा इतिहास मला अपुरा वाटतो. सेतुमाधवराव पगडींनी फारसी-उर्दूच्या अधिकाराने सूफी संप्रदायावर मराठीत ग्रंथ लिहिला; त्यांच्यासारखी भाषासिद्धता असलेले अभ्यासक या प्रदेशास पुढे फार थोडे लाभले.

हैदराबादेस १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे धर्मशास्त्राचे अध्यापनही होते. परंतु माध्यम उर्दू आणि राजधानी दूर, त्यामुळे गोदाकाठच्या कुणब्याच्या, महाराच्या किंवा वंजाऱ्याच्या मुलाला ती वाट दुष्कर होती. १९५० मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय काढले, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. बाबासाहेबांचे नाव जोडून त्याचा नामविस्तार होण्यास मात्र १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, आणि तोवर कित्येक दलित घरांना जाळपोळ सोसावी लागली. या विद्यापीठात यू. म. पठाण यांच्यासारख्या मुसलमान विद्वानाने मराठी विभागात बसून संत आणि महानुभाव वाङ्मयाचे अध्ययन-अध्यापन केले आणि पाली व बौद्ध अध्ययनाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. पैठणच्या ब्रह्मसभेपासून येथवरचे अंतर केवढे!

धर्म-अध्ययन या नावाचा एकत्रित विभाग मात्र येथे घडला नाही. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात तो १९६७ मध्येच निघाला. आपल्याकडे हा विषय मराठी, संस्कृत, पाली, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांत विभागलेला राहिला. अंबडचा विद्यार्थी ‘पेट’ ही प्रवेशपरीक्षा देतो, गाईड मिळवितो, सिनॉप्सिस घेऊन आरआरसी या मान्यता समितीपुढे उभा राहतो, कोर्सवर्क करतो, दर सहामाही प्रगती अहवाल भरतो, आणि २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षांत प्रबंध सादर करून खुल्या व्हायवाला सामोरा जातो; परंतु या साऱ्या टप्प्यांत त्याला मोडी किंवा उर्दू वाचता येते का, हे विचारणे बंधनकारक नसते. ॲन फेल्डहाउस यांनी पेनसिल्व्हानिया विद्यापीठात महानुभावांच्या सूत्रपाठावर डॉक्टरेट केली आणि पुढे महाराष्ट्रातील नद्यांच्या धार्मिक अर्थावर १९९५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यांच्या यशाचे मर्म प्राचीन मराठी आधी आत्मसात करण्यात आहे, असे मी समजतो. त्यासाठी परदेशी विद्यापीठाची गरज नाही, दोन वर्षांच्या भाषाभ्यासाची आहे.

द्रव्यबळाची अडचण पूर्वीइतकी दुर्लंघ्य राहिलेली नाही. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी विद्यार्थ्यांसाठी २०१८ मध्ये पुण्यास निघालेली सारथी, इतर मागासवर्गीयांसाठी महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्या वेळेवर मिळाव्यात म्हणून विद्यार्थ्यांना उपोषणे करावी लागतात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पैठणच्या संतपीठात २०२१ पासून विद्यापीठाच्या अखत्यारीत प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालू झाले आहेत. त्यांत ज्ञानेश्वरी, गाथा आणि भागवत यांच्या परिचयाबरोबर मोडीवाचन, दप्तरी उर्दू आणि पाठचिकित्सा यांचा एक पक्का अभ्यासक्रम विद्यापीठाने जोडावा, तो धर्मविषयक प्रबंधाच्या कोर्सवर्कमध्ये ग्राह्य धरावा, आणि आरक्षणाच्या निमित्ताने उघडलेले रुमाल पुन्हा बांधण्यापूर्वी त्यांतील देवस्थान, दर्गे व मठ यांच्या इनामांची सूची तयार करण्याचे काम अंबड, घनसावंगी आणि पैठण तालुक्यांतील संशोधक विद्यार्थ्यांकडे सोपवावे.