कडबोळ्याची भाजणी

दिवाळी अंकाची विनोदी कथा पावसाळ्यात लिहावी लागते. संपादकांचे पत्र आषाढात येते आणि मजकूर गणपतीच्या आत पोचावा लागतो. म्हणजे चकलीचा काटा मोडल्याची गंमत लेखकाने लिहायची ती छपराखाली पातेले लावून. मला असे पत्र कधी आले नाही. तरी तीसएक वर्षांपूर्वी कोणी न मागता मी एक कथा पाठवली होती. ती साभार परत आली. ती का फसली हे समजायला मला पुष्कळ वर्षे आणि जुन्या अंकांची काही कपाटे लागली. त्या शोधाची ही हकिकत आहे.

मी कोल्हारचा. नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या काठचे, भगवतीमातेच्या देवळाचे हे गाव. माझे शिक्षण बारावीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या कपाटांपुढे उभ्याने झाले. त्या वर्षी दिवाळी उशिरा होती आणि ऊसतोडीच्या टोळ्या आधीच येऊन उतरल्या होत्या. माझ्या कथेत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोपीवरची एक बाई आमच्या दारात मूठभर मीठ मागायला येते. दिवेलागणीला मीठ दिले तर लक्ष्मी जाते, म्हणून घरात गोंधळ उडतो. बाईचे बोलणे, तिचे अडखळणे, तिचे पुन्हा पुन्हा दार वाजवणे यांवर मी भरपूर कोट्या केल्या होत्या. कथा आईला वाचून दाखवली. ती हसली नाही. एवढेच म्हणाली, "मीठ दिलं का शेवटी?"

कथेत दिले नव्हते. कारण त्यावरच शेवटचा विनोद होता.

हा प्रश्न मनात ठेवून मी मागे मागे वाचत गेलो. दिवाळी अंकाची सुरुवात काशिनाथ रघुनाथ मित्रांपासून धरतात. हे मूळचे आजगावकर, पण बंगाली साहित्याच्या प्रेमापोटी त्यांनी 'मित्र' हे आडनाव घेतले. १८९५ साली त्यांनी 'मनोरंजन' काढले आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक. धर्ती इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांची होती. तिकडे डिकन्सचे 'ख्रिसमस कॅरल' १८४३ साली आले आणि सणाला वाचायची गोष्ट हा तिकडचा रिवाज पक्का झाला. त्यात भुतांना मोठा मान. इतका, की १८९१ साली जेरोम के. जेरोमने 'टोल्ड आफ्टर सपर' या छोट्या पुस्तकात या दरवर्षीच्या नाताळच्या भुतांचीच टर उडवली. सणाचा विनोद सापडतो कुठे, याचे एक उत्तर इथे मिळते. सणात जे दरवर्षी न चुकता, कोणी न विचारता होते, तिथे तो सापडतो.

आपल्याकडे हे काम दिवाळी अंकाच्याही आधी सुरू झाले होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर पेशाने वकील, वऱ्हाडात वकिली करणारे. त्यांचा पहिला विनोदी लेख १९०२ साली 'विविधज्ञानविस्तार'मध्ये आला. त्याचे नाव 'साक्षीदार'. वकिलाला विनोद सुचला तो कोर्टातला, यात नवल नाही. पुढे रूढी, सणवार, धार्मिक आचार सगळे त्यांच्या तावडीत सापडले. १९१० सालच्या संग्रहाचे नाव होते 'सुदाम्याचे पोहे अर्थात अठरा धान्यांचे कडबोळे'. लेखही अठराच. पुढे ते बत्तीस झाले. पोहे काय, कडबोळे काय, मराठी विनोदाचे पहिले मोठे पुस्तक फराळाच्या ताटातूनच उठून आलेले! पण मला महत्त्वाचे वाटते ते सांगणाऱ्याचे नाव. सुदामा, म्हणजे दारिद्र्याचे दुसरे नाव. तो, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघे रूढींच्या बाहेर उभे राहून बोलत नाहीत. ते आत अडकलेले असतात आणि आतून बोलतात.

चिं. वि. जोशींकडे मी चुकून गेलो. वाचनालयाच्या यादीत 'एरंडाचे गुऱ्हाळ' आणि 'वायफळाचा मळा' ही नावे पाहिली. आमचा भाग उसाचा, तेव्हा शेतीची पुस्तके समजून दोन्ही घरी आणली. शेतीत काही सुधारणा झाली नाही, मी मात्र सुधारलो. जोशी बडोद्याला पाली शिकवत. जातकातल्या गोष्टी त्यांनी मराठीत आणल्या. एवढ्या विद्वानाने १९३३ साली 'चिमणरावांचे चऱ्हाट' वळले ते एका सामान्य कारकुनाच्या तोंडून. चिमणराव दुसऱ्याची फजिती सांगायला निघतो आणि सांगता सांगता स्वतः उघडा पडतो.

मग जिकडे पाहावे तिकडे हेच दिसू लागले. १९५८ सालच्या 'बटाट्याची चाळ'मधल्या उपासात चाळकऱ्यांचे सल्ले भरपूर, पण काटा दिसतो तो निवेदकाचा. द. मा. मिरासदारांच्या 'व्यंकूची शिकवणी'त हरतो तो शिकवणारा. वकिलाने कोर्ट घेतले, मास्तराने वर्ग घेतला, प्रत्येकाने आपल्या रोजच्या कामातले धान्य घेतले आणि प्रत्येकाने आधी स्वतःला भाजून काढले.

याला अपवाद नाहीत असे नाही. गडकऱ्यांच्या 'बाळकराम'मधली ठकी आठवा. लग्नाच्या बाजारात न खपणाऱ्या त्या मुलीच्या रूपावरचे विनोद आज वाचताना घशात अडकतात. गडकऱ्यांचा नेम त्या बाजारावर होता, हे मला मान्य आहे. पण सगळे छर्रे नेमावर बसले नाहीत, हेही मान्य करायला हवे. १९५१ साली मधुकर पाटकरांनी 'आवाज' काढला आणि निव्वळ विनोदाला वाहिलेला दिवाळी अंक घरोघर गेला. त्याच्या खिडकीचित्रांत बाहेरून चावट वाटणारे चित्र पान उलगडले की साधेसुधे निघते. फसतो तो पाहणारा. हसू शेवटी पाहणाऱ्याच्याच अंगावर येते, आणि म्हणून कोणी रागावत नाही.

आता माझी कथा. मुकादमाची उचल घेऊन, घरदार बंद करून ती बाई परक्या गावच्या पाचटाच्या कोपीत दिवाळीच्या दिवशी चूल पेटवत होती. तिच्याकडे मीठ नव्हते, यात हसण्यासारखे काय होते? हसण्यासारखे आमच्या घरात होते. पाटावर बोनसच्या नोटा मांडून बसलेले वडील, दाराची कडी धरून उभा मी, आणि चिमूटभर मिठाबरोबर लक्ष्मी नदीपलीकडे निघून जाईल या भीतीने श्वास रोखलेली सगळी मंडळी. सगळा विनोद दाराच्या आतल्या बाजूला होता आणि मी तो बाहेर शोधत होतो. संपादकांनी परत पाठवले ते योग्यच केले. त्यांचे कारण वेगळे असेल.

घरी कडबोळी विरघळली की आई तेलाला कधी दोष देत नसे. भाजणी चुकली, म्हणत असे. विनोदी कथा कशी सुचते, असे गावातली कॉलेजची मुले कधीमधी विचारतात. मी त्यांना सांगतो, सणाच्या दिवशी तुमच्या घरात कोणत्या क्षणी दार लावून घेतले जाते ते आठवा, आणि आपण दाराच्या आत होतो हे विसरू नका.

आई जाऊन आता काही वर्षे झाली. त्या संध्याकाळी प्रत्यक्षात काय घडले होते, ते मी कथेत लिहिलेच नव्हते. आमची चर्चा चालू असताना ती मागच्या दाराने मीठ देऊन आली होती. ही गोष्ट या आषाढात मी पुन्हा लिहायला घेतली आहे.