ट्राउटचा पहिला प्रवास

मी कोकणातला, गळ टाकायचा तो खाडीत. काश्मीरला ट्राउट धरायला जायचं ठरवलं, तेव्हा नकाशाआधी इतिहास उघडला. मंडळी, हा मासा मुळात काश्मीरचा नाहीच! श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांच्या खटपटीमुळे ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी विलायतेहून ब्राउन ट्राउटची अंडी पाठवली. १८९९ मधली पहिली खेप वाटेतच नासली. अंड्यांना सतत गारवा हवा, आणि प्रवास समुद्राचा, मग तापत्या मैदानांचा. पण प्रयत्न थांबले नाहीत. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जगली. पुढे हारवनच्या केंद्रातून पिल्लं ओढ्यांत सोडली गेली.

या वाचनानं माझा बेतच बदलला. हंगाम एप्रिलला उघडतो. पण तेव्हा बर्फ वितळून लिद्दरला गढूळ लोंढा येऊ शकतो. म्हणून पहिले दिवस कोकरनागच्या झऱ्यांवरच्या निवळ पाण्यासाठी राखले, परवान्याचीही आधीच चौकशी केली.

एक गोष्ट मात्र टोचत राहिली. हा पाहुणा दुसरे मासे खातो. त्याच्या पाहुणचाराची किंमत तिथल्या मूळच्या माशांनीही मोजली आहे. तेव्हा गळाला मूळचा मासा लागला, तर तो अलगद परत पाण्यात सोडायचा, एवढं घरूनच ठरवून निघणार आहे.