अर्ध्या मैलाचं गाव

गेल्या दिवाळीआधी गावाहून सरपंचकाकांचा फोन आला. "ग्रामसभेत ठराव घ्यायचा हाये, रस्त्याच्या दर्जोन्नतीचा. तू इंजिनिअर हायेस, मजकूर तू लिही." मी म्हटलं, काका, मी सॉफ्टवेअरचा इंजिनिअर, रस्त्याचा नाही. "इंजिनिअर तो इंजिनिअर," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर. गावाच्या फाट्यावर एक दगड आहे. त्यावर 'इ.जि.मा.' आणि पुढे एक आकडा. लहानपणी ती कुणाच्या तरी नावाची आद्याक्षरं असावीत, असं मला वाटायचं. त्याचा अर्थ 'इतर जिल्हा मार्ग', हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ठरावाच्या निमित्ताने कळलं. महाराष्ट्रात इतर जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. 'इ' चा 'प्र' झाला की रस्ता एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जातो. डांबर कधी पडणार, पूल किती रुंद होणार, हे बऱ्याच अंशी त्या एका अक्षरावर ठरतं. काकांना ते अक्षर बदलून हवं होतं.

ही अक्षरं आली कुठून, ते शोधताना मी थेट १९४३ च्या नागपुरात पोचलो.

पोरका रस्ता

त्याआधीची थोडी पार्श्वभूमी. १९१९ च्या सुधारणांनंतर रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला. प्रांतांनी ते पुढे बऱ्याच प्रमाणात जिल्हा मंडळांवर सोपवले. जिल्हा मंडळांकडे पैसा नव्हता. त्याच काळात मोटारी वाढल्या. बैलगाडीच्या लोखंडी धावेनं आधीच उकरलेले खडीचे रस्ते मोटारींच्या रबरी चाकांनी आणखी उखडले. रस्ता प्रांताचा, मोटारींवरच्या आयातकराचं उत्पन्न मात्र केंद्राचं, असा तो मामला होता.

यावर विचार करायला १९२७ मध्ये समिती नेमली गेली. अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, म्हणजे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले तेच जयकर. विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात मी अभ्यासाला जायचो, पण त्यांचा रस्त्यांशी काही संबंध असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. रस्त्यांचा विकास प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऐपतीपलीकडे गेला आहे, तेव्हा केंद्रानं हातभार लावावा, असं समितीनं सांगितलं. मग १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला.

निधीचं वाटप पेट्रोलच्या खपानुसार होई. म्हणजे ज्या प्रांतात मोटारी जास्त, त्याला पैसे जास्त. हिशेब वरकरणी रास्त आहे, कर ज्यानं भरला त्याला रस्ता. पण जिथे रस्ताच नाही तिथे मोटार जाणार नाही, मोटार नाही म्हणून पेट्रोल खपणार नाही आणि पेट्रोल खपत नाही म्हणून रस्ता होणार नाही. आमच्या भाषेत याला अनंत लूप म्हणतात. त्यातून बाहेर पडायचं तर रस्ता कुणाला मिळावा, याचं दुसरं काही माप हवं होतं.

नागपूर, डिसेंबर १९४३

ते माप नागपुरात तयार झालं. काळ कसा होता पाहा. महायुद्ध चालू होतं, ब्रह्मदेश जपाननं घेतला होता, आसामच्या सीमेवर लष्करी रस्ते घाईनं बांधले जात होते. बंगालमध्ये माणसं दुष्काळानं मरत होती. अशा वेळी भारत सरकारनं प्रांतांच्या आणि संस्थानांच्या मुख्य अभियंत्यांना नागपुरात बोलावलं. युद्ध संपल्यावर पुढच्या वीस वर्षांत देशाचे रस्ते कसे असावेत, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. नागपूर तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. बुलढाणा वऱ्हाडात, म्हणजे ही परिषद आमच्याच राजधानीत भरली होती.

तिथे रस्त्यांची उतरंड ठरली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग (पुढे राज्यमार्ग), प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग. आमच्या फाट्यावरच्या दगडाचं मूळ इथे आहे. आणि कुठे किती मैल रस्ता हवा, हे काढायला दोन सूत्रं ठरली.

पहिलं सूत्र मोठ्या रस्त्यांचं. शेतीखालचं क्षेत्र चौरस मैलांत घ्यायचं आणि पाचानं भागायचं. बिगरशेती क्षेत्राला विसानं भागायचं. दोन ते पाच हजार वस्तीच्या प्रत्येक गावामागे एक मैल धरायचा, पाच हजारांवरच्या प्रत्येक गावामागे पाच मैल. या बेरजेत पुढच्या विकासासाठी पंधरा टक्के वाढवायचे आणि रेल्वेची असलेली लांबी वजा करायची. उरेल तेवढे मैल मोठे रस्ते हवेत.

दुसरं सूत्र लहान रस्त्यांचं. त्यात क्षेत्रफळ नाही, फक्त गावं आहेत. पाचशेपर्यंत वस्तीच्या गावाला मैलाचा पाचवा हिस्सा. पाचशे एक ते हजार वस्तीला अर्धा मैल. हजार ते दोन हजारांना एक मैल. दोन ते पाच हजारांना दोन मैल. वर विकासाची भर.

मी १९५१ ची जिल्हा जनगणना पुस्तिका शोधून आमच्या गावाची ओळ काढली. लोकसंख्या सातशेच्या आसपास. म्हणजे अर्धा मैल. देशाच्या रस्त्यांच्या हिशेबात माझं गाव अर्ध्या मैलाचं होतं.

मला याचा राग यायला हवा होता, पण उलटंच झालं. दिवसभर माहितीचे तक्ते हाताळणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: ज्या गोष्टीला तक्त्यात रकाना नाही, ती यंत्रणेच्या दृष्टीनं अस्तित्वातच नसते. या सूत्रात माझ्या गावाला रकाना होता. तिथे एकही मोटार नसली, एक थेंब पेट्रोल खपत नसलं, तरी गाव आहे एवढ्या कारणानं देशाच्या बेरजेत अर्धा मैल वाढत होता. पेट्रोलच्या हिशेबातलं ते चक्र इथे तुटलं.

सूत्राला न दिसलेलं

अर्थात हे सूत्र अभियंत्यांचं होतं, गावकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या मर्यादा मला आमच्याच जिल्ह्यात दिसतात. बुलढाण्याचे दोन भाग, घाटाखालचा आणि घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी रेल्वे घाटाखालून जाते. घाटावर रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेची वाट आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाहिली जाते. आता अख्ख्या जिल्ह्याला पहिलं सूत्र लावा. घाटाखालच्या रेल्वेचे मैल जिल्ह्याच्या एकूण रस्त्यांतून वजा होतात, म्हणजे जिने रेल्वे पाहिलीच नाही त्या घाटावरच्या माणसाच्याही वाट्यातून. रस्त्यानं रेल्वेशी स्पर्धा करू नये, ही त्या काळातली मोठी काळजी होती. ती काळजी त्या वजाबाकीच्या चिन्हात येऊन बसली आहे.

दुसरं, सूत्र गाव मोजतं, वस्ती मोजत नाही. रस्ता गावठाणापर्यंत येतो आणि वेशीवर थांबतो. आमच्याकडे गावाबाहेरच्या दलित वस्तीपर्यंत पक्का रस्ता जायला आणखी कितीतरी वर्षं गेली. अर्ध्या मैलात ती वस्ती कुठे बसत होती, याचं उत्तर त्या सूत्रात नाही.

तिसरं म्हणजे लांबी आणि रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६३ पर्यंत सुमारे ५ लाख ३० हजार किलोमीटर रस्ते व्हावेत, असं नागपूर योजनेचं उद्दिष्ट होतं. १९६१ मध्येच ७ लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडला गेला. पण या आकड्यात मातीचे, पावसाळ्यात बंद पडणारे रस्तेही होते. आमचा अर्धा मैल त्यातलाच. कागदावर होता, पण जून ते सप्टेंबर त्यावरून बैलगाडीही निघत नसे.

त्याची खडी पडली ती बहात्तरच्या दुष्काळात. आजी सांगते, "ह्या रस्त्याची गिट्टी म्या फोडली हाये. तुह्या बापाले झाडाखाली निजवून." मुकादम, हजेरी, ब्रासवर माप, मजुरीबरोबर सुकडी, हे शब्द ती आजही काल घडल्यासारखे वापरते. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, बंडिंग आणि रस्ते. नकाशावर आखलेले कितीतरी मैल या हातांनी प्रत्यक्षात आणले. रस्ते विकासाच्या इतिहासात अभियंत्यांच्या परिषदा येतात, हे हात क्वचितच येतात.

मोजमाप कधी बदललं

१९४७ मध्ये राष्ट्रीय महामार्गांची आर्थिक जबाबदारी केंद्रानं घेतली. राज्यघटनेनंही तीच विभागणी कायम ठेवली: राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या सूचीत, बाकीचे रस्ते राज्याच्या. पुढे १९६१ ची मुंबई योजना आणि १९८१ ची लखनौ योजना आली. पाचशेवर वस्तीच्या सगळ्या गावांना बारमाही रस्ता द्यायचा, हे लखनौ योजनेचं ध्येय २००० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेतही दिसतं. या सगळ्यांत गावाचा रकाना टिकून होता.

पण मुंबई योजनेत आणखी एक गोष्ट होती, १,६०० किलोमीटर द्रुतगती मार्गांचा प्रस्ताव. तो बराच काळ कागदावर राहिला. महाराष्ट्रात त्याला खरं रूप राज्य सरकारनं दिलं. १९९६ मध्ये रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं, बाजारातून रोखे काढून पैसा उभा केला आणि २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. मी पुण्यात राहतो, त्या रस्त्यावरून कितीदा गेलो असेन. त्यानं दोन्ही शहरांचं जगणं बदललं, हे कुणी नाकारणार नाही.

मात्र माझ्या मते हिशेब बदलला तो इथेच. कर्ज काढून बांधलेला रस्ता टोलमधून फिटला पाहिजे. टोल गाव भरत नाही, वाहन भरतं. म्हणून अशा रस्त्याच्या आखणीत पहिला प्रश्न वाहनं किती आणि वेळ किती वाचेल, हा असतो. यात कुणाचा दुष्टपणा नाही, सूत्रच तसं आहे. पण फिरून आपण पेट्रोलच्या खपापाशी आलो.

समृद्धी महामार्ग घ्या. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, सुमारे ३९० गावं. १२० मीटर रुंदी धरून नुसता गुणाकार केला, तरी ८,४०० हेक्टर जमीन होते. २०१५ मध्ये घोषणा झाली. सुरुवातीला जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देण्याची कल्पना होती. नाशिक-ठाण्याकडे शेतकऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला आणि सरकारला थेट खरेदीचा मार्ग घ्यावा लागला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला झाला. राज्यानं ठरवलं आणि राज्यानं बांधलं. नागपूर परिषदेतल्या प्रांतिक अभियंत्यांना हेवा वाटावा, असं हे काम आहे.

त्याचा फायदा मी स्वतः घेतो. जालन्यानंतर गाडी त्या रस्त्याला लागली की घर जवळ आल्यासारखं वाटतं. पण तो रस्ता ठरावीक ठिकाणीच चढू आणि उतरू देतो, आणि दोन चढउतारांमधलं अंतर वीस-तीस किलोमीटर भरतं. दुचाकी आणि तीनचाकींना त्यावर बंदी आहे. वेगाच्या रस्त्यावर ती हवीच. पण आमच्या गावातली बहुतेक वाहनं दुचाकीच आहेत. गेल्या वर्षी आजीला गाडीतून नेताना तो उंच भराव दाखवला. तिनं विचारलं, "याच्यावर चढाचं कुठून?" मी म्हटलं, पुढे बावीस किलोमीटरवर. ती काही बोलली नाही.

गावं आजही मोजली जातात. फरक एवढाच की १९४३ च्या सूत्रात गाव आलं की रस्त्याची लांबी वाढायची आणि आज गाव आलं की भूसंपादनाचा खर्च वाढतो. तेव्हा ते मागणीच्या बाजूला होतं, आज खर्चाच्या बाजूला आहे. शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूर-सांगलीत झालेला विरोध निव्वळ विकासविरोध म्हणून पाहिला, तर हे निसटतं. तिथला शेतकरी जमिनीच्या भावाबरोबर हेही विचारतो आहे की या आखणीत माझं गाव नेमकं कुठल्या रकान्यात आहे.

ठराव

शेवटी मी ठराव लिहिला. द्रुतगती मार्गाच्या चढउतारापर्यंत जाणारा आमचा इतर जिल्हा मार्ग प्रमुख जिल्हा मार्ग करावा, ही मुख्य मागणी. खाली एक तक्ता जोडला: रस्त्यावरची सहा गावं, प्रत्येकाची लोकसंख्या, शाळेत जाणारी मुलं, प्राथमिक आरोग्य केंद्राचं अंतर, वर्षाला बाहेर जाणारं सोयाबीन. आणि गावठाणाबाहेरच्या वस्त्या, प्रत्येकीला वेगळी ओळ. काकांनी वाचून विचारलं, "एवढं कशाले? दोन ओळींचा ठराव चालते." मी म्हटलं, राहू द्या काका.

ग्रामसभेत ठराव एकमतानं झाला. आता तो पंचायत समिती, जिल्हा परिषद, बांधकाम विभाग असा वर चढेल आणि जमलं तर एखाद्या दिवशी राज्याच्या रस्ते विकास योजनेत त्याची एक ओळ होईल. तोवर फाट्यावरच्या दगडावर 'इ' च आहे. पण तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात मी आणखी एक माहिती भरली आहे, जी कुणी मागितली नव्हती: 'मूळ खडीकाम १९७२-७३, गावातल्या स्त्री-पुरुष मजुरांकडून.' आजीला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नाव नाही लिवलं का?" पुढच्या प्रतीत लिहिणार आहे.