ग्रब

ग्रब : संगणक चालू केल्यापासून ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा (कर्नल) मेमरीत येईपर्यंतचे काम सांभाळणारा बूट लोडर. लिनक्सच्या अनेक वितरणांत हाच वापरतात. एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये तो लिहायला घेतला, तो ग्नू प्रकल्पाची हर्ड ही सिस्टिम सुरू करता यावी म्हणून. आजचा ग्रब २ मुळापासून नव्याने लिहिलेला असून त्याची २.०० ही आवृत्ती २०१२ मध्ये निघाली.

बायोस या जुन्या फर्मवेअरच्या पद्धतीत खरी अडचण जागेची. बायोस डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, तेवढा मेमरीत आणतो आणि पुढचा कारभार त्यावर सोपवून मोकळा होतो. त्यातले ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला आणि शेवटचे दोन खुणेला जातात. प्रोग्रॅमला उरतात फार तर ४४६. फाइल सिस्टिम वाचणारा प्रोग्रॅम एवढ्यात मावणे अशक्य. म्हणून ग्रब टप्प्याटप्प्याने वर येतो. पहिल्या सेक्टरमधल्या तुकड्याला फक्त पुढच्या तुकड्याचा सेक्टर क्रमांक ठाऊक असतो. हा दुसरा तुकडा बहुधा पहिल्या सेक्टरनंतरच्या आणि पहिल्या पार्टिशनआधीच्या मोकळ्या जागेत असतो. त्याला फाइल सिस्टिम वाचता येते, आणि मग उरलेली मोड्यूल व मेन्यूची फाइल बूट डिरेक्टरीतून घेता येते.

डिस्क ओळखायची कशी, हा यातला सर्वांत नाजूक भाग. ग्रब डिस्कना एचडी०, एचडी१ अशी शून्यापासून नावे देतो. पार्टिशन मात्र जुना ग्रब शून्यापासून मोजत असे, ग्रब २ एकपासून मोजतो. त्यामुळे जुन्या मेन्यूतली ओळ तशीच उतरवली तर ती शेजारच्या पार्टिशनकडे बोट दाखवू शकते. त्याहून मोठा घोटाळा असा, की डिस्कचा क्रमांक डिस्कवर लिहिलेला नसतोच. तो त्या वेळी फर्मवेअर ठरवतो. पेनड्राइव्ह लावला किंवा सेटअपमधला क्रम बदलला की कालची एचडी० आज एचडी१ होते. लिनक्समधली एसडीए, एसडीबी ही नावेही निराळ्या क्रमाने पडतात, त्यांचा ग्रबच्या क्रमांकाशी मेळ बसेलच असे नाही.

यावर उपाय यूयूआयडीचा. फॉरमॅट करताना फाइल सिस्टिममध्येच एक ओळखक्रमांक लिहिला जातो. ग्रबची ‘सर्च’ ही आज्ञा सगळी पार्टिशने धुंडाळून तो क्रमांक असलेले पार्टिशन शोधते. मग ग्रब कर्नल व इनिटआरडी (सुरुवातीपुरती तात्पुरती फाइल सिस्टिम) मेमरीत भरतो आणि मूळ फाइल सिस्टिम कुठली, हे त्याच क्रमांकाने कर्नललाही कळवतो. डिस्कची हुबेहूब प्रत काढली की हा क्रमांकही प्रतीत उतरतो; दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडल्या तर ही ओळख कुचकामी ठरते. विंडोज मात्र ग्रब स्वतः चढवत नाही, विंडोजच्याच बूट लोडरकडे काम सोपवतो.

बायोसच्या जागी यूईएफआय हे नवे फर्मवेअर आल्यावर ४४६ बाइटांची कोंडी फुटली. फर्मवेअरला फॅट फाइल सिस्टिम स्वतःच वाचता येते, त्यामुळे ग्रब खास राखलेल्या पार्टिशनमध्ये साध्या फाइलसारखा राहतो.

ग्रबच्या फाइली असलेले पार्टिशन पुसले गेले तर मेन्यूऐवजी ‘ग्रब रेस्क्यू’ अशी ओळ येते. तिथे ‘एलएस’ ही आज्ञा दिल्यावर ग्रबला दिसणाऱ्या डिस्क आणि पार्टिशने पडद्यावर येतात. दुरुस्ती तिथून सुरू करावी.