साहेब रागावतात, शिपाई उलट बोलतो

उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला एक गोष्ट वारंवार दिसते. मराठीत साहेब ‘रागावतात’, पण शिपाई ‘उलट बोलतो’. आवाज तितकाच चढलेला असतो, कारणही कदाचित तेच असते. उर्दूतही गुस्ताखी आणि बेअदबी नेहमी लहानाकडून मोठ्याची होते. मोठ्याने लहानाची गुस्ताखी केली, असे वाक्य मी आजवर ऐकलेले नाही. म्हणजे माणूस बोलायच्या आधीच भाषेने ठरवून टाकलेले असते की त्याच्या भावनेला काय नाव द्यायचे.

कामाच्या ठिकाणी हे कसे चालते ते समजून घ्यायला महाडचा इतिहास पुरेसा आहे.

जुन्या काळी गावगाडा हेच बहुतेकांचे कामाचे ठिकाण. महार वतनदाराने सांगावे पोचवायचे, सारा कचेरीत न्यायचा, हद्दीच्या तंट्यात साक्ष द्यायची, मेलेले जनावर ओढायचे. त्या कामाचा गणवेश नव्हता, पण देहबोली ठरलेली होती: अंतर राखून उभे राहायचे, वाकायचे, जोहार घालायचा. ही नम्रता मनातून आलेली आहे असे समोरचा धरून चाले, कारण तसे धरणे त्याच्या सोयीचे होते. कोकणात मुसलमान खोतही होते, त्यांच्या ओटीसमोरही वेठीची माणसे ताठ मानेने उभी नव्हती. हे आपण विसरू नये.

दुसरे कामाचे ठिकाण होते पलटण. महाड-दापोली पट्ट्यातली कितीतरी महार कुटुंबे इंग्रजी फौजेत गेली. तिथे सलाम हुद्द्याला होता आणि छाती काढून उभे राहणे हाच कामाचा नियम होता. हाच माणूस पेन्शन घेऊन गावी आला की त्याच ताठ मानेला लोक मस्ती म्हणत. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर असेच फौजेतून निवृत्त झालेले. महारांची फौजेतली भरती बंद झाली तेव्हा त्यांनी सरकारकडे अर्जाची खटपट केली. मला तो अर्ज केवळ नोकरीसाठी वाटत नाही. ताठ उभे राहता येईल अशी एक जागा हातची जात होती, तिच्यासाठीही तो होता. पुढे 1895 मध्ये वलंगकरांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा वरच्या जातीच्या सभासदांना ते रुचले नाही आणि वर्तमानपत्रांतून वाद रंगला. त्यांच्या नुसत्या बसण्यानेही लोक दुखावले होते.

आता बडोद्याचे पाहू. 1917 साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. ते अधिकारी, पण शिपाई फायली त्यांच्या टेबलावर लांबून टाकत. इथे हुद्द्याची सगळी उतरंड उलटी झाली होती. खालच्या नोकराला किळस उघड दाखवायची मुभा होती आणि वरच्या अधिकाऱ्याला रागवायची नव्हती. राहायची जागाही गेली, तेव्हा मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. कचेरीत जे दाखवता येत नव्हते ते घेऊन माणूस सार्वजनिक बागेत बसला होता. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाल्यावर सहकाऱ्यांची हरकत पाण्याच्या भांड्याला होती. ते सुशिक्षित होते, म्हणून फेकाफेक झाली नाही इतकेच.

यानंतर 20 मार्च 1927 कडे पाहिले की चवदार तळ्याची गोष्ट वेगळी दिसते. महाड नगरपालिकेने 1924 मध्येच तळे खुले केल्याचा ठराव केला होता, त्यामुळे लोक कायद्याने मोकळे असलेले पाणी प्यायला गेले. परतल्यावर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि मारहाण सुरू झाली. मार खाणाऱ्यांत माजी सैनिक होते. त्यांना लढता येत नव्हते असे नाही. बाबासाहेबांनी त्यांना उलट हात उचलू दिला नाही. काहींना गावातल्या मुसलमानांनी घरांत आसरा दिला. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली ती त्याच जागेवर.

त्या मार्चच्या दिवशीचा संयम बघणाऱ्या कितीजणांना संयम म्हणून दिसला असेल? उर्दूत आपण सब्र म्हणतो, मराठीत सोसणे. सब्रमध्ये माणूस स्वतःला धरून ठेवतो, सोसण्यात त्याला दुसऱ्याने धरलेले असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. जोहार घालणाऱ्याचे गप्प राहणे समाधान म्हणून वाचले गेले होते, तेच डोळे माजी सैनिकाच्या गप्प राहण्यात भीती वाचणार. सब्र ओळखायचा तर समोरच्याला राग येऊ शकतो, हे आधी मान्य करावे लागते.

आजचे सांगायचे तर महाडच्या एमआयडीसीत उत्तरेकडचा कंत्राटी कामगार ‘जी साहब’ म्हणतो आणि तो नम्र ठरतो. आपला कोकणी माणूस मुळातच चढ्या आवाजात बोलतो, घाटावरच्याला वाटते भांडण चालू आहे. पोलादपूरच्या पोराला मुलाखतीत ‘अ‍ॅटिट्यूड आहे’ असा शेरा मिळतो तो बऱ्याचदा यातूनच.

शिक्षकांच्या खोलीत वेगळाच प्रकार. टीव्हीवर कुठल्या तरी स्फोटाची किंवा दंगलीची बातमी लागली की मुसलमान शिक्षकाच्या चेहऱ्याकडे नजरा वळतात. गप्प राहिला तर ‘काय सर, आज गप्प?’ आणि बोलला तर ‘तुम्ही एवढं मनाला का लावून घेता?’ विचारणारे वाईट नसतात, डबा वाटून खाणारेच असतात. म्हणून तर उत्तर देणे जास्त अवघड जाते. मी अशा वेळी वह्या तपासायला घेतो. त्यावरून माझ्याबद्दल ‘शांत स्वभावाचे’ असे मत झाले आहे.

सरकारी नोकरीत वर्षाअखेरीस गोपनीय अहवाल लिहिला जातो. वागणूक कशी, सहकाऱ्यांशी संबंध कसे, हे वरिष्ठ कनिष्ठाबद्दल लिहितो. कनिष्ठाने वरिष्ठाच्या रागाबद्दल काही लिहावे असा कागद अजून कुठल्या पंचायत समितीत आलेला मी पाहिला नाही.