लाकडी चाकाचं जेट

मागच्या व्याख्यानात आपण फ्रँक व्हिटलपाशी थांबलो होतो. त्याचं इंजिन एप्रिल १९३७ मध्ये पहिल्यांदा चाललं आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत हाइन्केलचं विमान जेटवर उडालंसुद्धा. मग रेडिओवर उडवायच्या मॉडेल विमानात टर्बाइन यायला १९८३ साल का उजाडावं लागलं? मोठं जमलं, तर लहान का जमू नये?

हौशी मंडळी मधल्या काळात गप्प बसली नव्हती. महायुद्धानंतर अमेरिकेत डायनाजेट नावाचं पल्सजेट मिळायचं. लंडनवर पडलेल्या व्ही-१ चं इंजिन ज्या तत्त्वावर चालायचं, तेच हे. एक नळी, तोंडाशी झडपा आणि आत एकामागून एक स्फोट. नळी लालबुंद व्हायची आणि आवाज असा, की गावाबाहेरच जावं. पुढे डक्टेड फॅन आला. म्हणजे काय, तर साधं पिस्टन इंजिन पंख्यासकट विमानाच्या पोटात लपवायचं. डोळे फसायचे, कान नाही.

खरी अडचण आकाराची. हवा दाबायची तर कॉम्प्रेसरच्या चाकाच्या कडेचा वेग प्रचंड लागतो आणि चाक लहान झालं म्हणून हवा काही सवलत देत नाही. त्यामुळे लहान चाक जास्त फेरे फिरवावं लागतं. ६६ मिलीमीटरचं चाक मिनिटाला १,१५,००० फेरे फिरलं, तर कडेचा वेग सेकंदाला जवळपास ४०० मीटर होतो. आवाजापेक्षा जास्त! शिवाय ज्वलनकक्ष वीतभर. इंधन जळून व्हायच्या आत हवा बाहेर पडायला बघते.

१९८३ साली इंग्लंडात जेरी जॅकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रोपेन वापरून यातून वाट काढली. प्रोपेन आधीच वायू, त्यामुळे जळायला वेळ कमी लागतो. विमान उडालं. पण वायूची टाकी वाहून न्यावी लागायची. फ्रान्समध्ये जेपीएक्स कंपनीने विकायला आणलेलं इंजिनही प्रोपेनवरच चालायचं.

माझ्या मते मात्र मोठा टप्पा त्यानंतरचा. कुर्ट श्रेकलिंग या जर्मन हौशी माणसाने कॉम्प्रेसरचं चाक बनवलं प्लायवुडचं! वरून कार्बन तंतू गुंडाळून रेझिनने पक्कं केलेलं. ऐकताना थट्टा वाटते, पण विचार करा, कॉम्प्रेसर ज्वाळेच्या पुढच्या बाजूला असतो, तिथे लाकडाला सोसवेल इतकीच उष्णता असते. मागचं टर्बाइनचं चाक पोलादी पत्र्यातून कापून, पाती पिळून केलेलं. इंधन द्रव, ते तापलेल्या नळीत वाफ होऊन जळायचं. आणि हे सगळं त्याने पुस्तकात लिहून टाकलं, मापांसकट. पेटंटच्या मागे लागून गुपित ठेवलं असतं, तर आजची ही सभा बरीच लवकर संपली असती.

मग थॉमस काम्प्सने पुढचं पाऊल टाकलं. त्याच्या केजे-६६ मध्ये लाकडाऐवजी मोटारीच्या टर्बोचार्जरचं तयार चाक होतं. भंगारातही मिळेल अशी वस्तू. जगभरच्या गॅरेजांत लोक लेथवर इंजिनं बनवू लागले. पाठोपाठ आपोआप सुरू होणारी कारखान्यातली इंजिनं आली. पैसे असले की झालं.

उडवणं मात्र सोपं झालं नाही. ही इंजिनं थ्रॉटलला लगेच दाद देत नाहीत, खालच्या फेऱ्यांवरून वर चढायला काही सेकंद घेतात. वीस किलोचं विमान धावपट्टीपाशी खाली येतंय, चुकलं म्हणून ताकद मागितली, तर ती येईपर्यंत गवत आलेलं असतं. म्हणून उतरताना जाणकार चालक इंजिन पूर्ण शांत करत नाहीत.

वेगाचं म्हणाल, तर २०१७ मध्ये जर्मनीत नील्स हेर्ब्रिखच्या मॉडेलने ताशी ७४९ किलोमीटर गाठले. पण त्याच्या नऊ वर्षं आधी, सप्टेंबर २००८ मध्ये, इव्ह रोसी हा स्विस वैमानिक पाठीवर पंख बांधून इंग्लिश खाडी ओलांडून गेला. पंखाखाली चार टर्बाइन होत्या, जेटकॅट कंपनीच्या, मोठ्या मॉडेल विमानांत बसतात त्याच. आता तुमचे प्रश्न घेऊ.